सुलूच्या दिल्लीचा कौल

बोरीवली (पूर्व),
२ डिसेंबर १९८५

ती. गुणाजीदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी भाची सुलक्षणा आठशे मीटरमध्ये राज्यात पहिली आली, ते कळवलं होतंच. आता दिल्लीच्या राष्ट्रीय स्पर्धेला तिची निवड झाली आहे. परवा मी प्रथमच मैदानावर जाऊन बघितलं. पहिली फेरी ही बया दुसऱ्या एका मुलीच्या मागे मागे! मी कुंपणाबाहेरून ओरडले, अगं पुढे हो ना! नंतर मला हसते. म्हणे, आई, पुढची वारा अंगावर घेते, मी तिच्या आडोशाने दम राखते. म्हणजे आपण महिन्याचं रॉकेल पुरवून वापरतो तसंच की रे! शेवटच्या वळणावर मात्र अशी सुटली की माझ्या हातातली भाजीची पिशवी पडली.

पण पोर घर सोडून कधी राहिली नाही. हे म्हणतात, तू ठरव. तिच्या श्यामकांत सरांना महिनाअखेर उत्तर हवं. तर ग्रामदेवीला कौल लावून कळव.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रुक्मिणी

आंबेखोल,
११ डिसेंबर

चि. रुक्मिणीस अनेक आशीर्वाद.

काल मंगळवारी गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं मी स्वतः घातलं. डावी आधी पडली, म्हणजे देवीचा नकार. तेव्हा पोरीला पाठवू नको. तुझी वहिनी मलाच बोलते, तुमचा पायगुणच तसला! एक मात्र सांग, दोन फेऱ्या मारून पोर होती तिथेच येते, तर एवढं धावायचं कशाला?

कुळीथ पाठवतो आहे. जिवाला जप.

तुझा,
दादा

बोरीवली,
१६ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कशाला धावायचं, मला तरी कुठे ठाऊक? पण तुळशीला प्रदक्षिणा घालून मीही तिथेच येते ना!

सुलूला डावा कौल सांगितला. बूट धुऊन, पुसून माळ्यावर ठेवून आली. रडली असती तर बरं झालं असतं.

देवीच्या शब्दाबाहेर मी नाही. पण सारखं मनात येतं, तू विचारलंस तरी काय? बोललास तसंच्या तसं लिही. उत्तराची वाट बघते.

तुझी,
रुक्मिणी

आंबेखोल,
२१ डिसेंबर

चि. रुक्मिणीस आशीर्वाद.

सरळच घातलं की गाऱ्हाणं. आये, भाची धावूक दिल्लीक जातली. पयलो नंबर येतलो तर उजवो कौल दी, नाय तर डावो.

पाठवू की नको, हे विचारायचं डोक्यातच आलं नाही गं. देवीपुढे उभं राहून कोण दुसरा नंबर मागतो? परत कौल लावू का? लगेच कळव.

तुझा,
दादा

बोरीवली,
२७ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

धन्य तुझी! देवीने जाऊ नको म्हटलंच नाही. पहिली येणार नाही, एवढंच म्हणाली.

तुझं पत्र सुलूला वाचून दाखवलं. मला वाटलं, खट्टू होईल. तर विचारते, मग दुसरी की सातवी? ते नाही ना सांगितलं देवीने? मग बघून येते! आणि धावली माळ्याकडे. जिंकणार नाही हे आधीच कळलं, तरी पोर जायला नाचते आहे. हे कसलं वेड असेल, दादा? मला तर आता तिच्याबरोबर जाऊनच बघावंसं वाटतं.

सरांना होकार कळवला. पुन्हा कौल लावू नकोस. देवीपुढे नारळ ठेव, आणि काही विचारू नकोस. नुसतं सांगून ये, सुलू निघाली.

तुझ्या मायेची,
रुक्मिणी