खो-खोच्या खांबाला तेल

लिंबायत, सुरत
१४ डिसेंबर १९९६

वयाने, मानाने आणि वजनाने थोरले असलेले माझे शालक बाबुराव यांना भाईदासचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? इकडे आम्ही धडधाकट आहोत. तुमच्या बहिणीला (ती माझी बायकोही आहे, पण या आठवड्यात ती तुमची बहीणच) मी एका शब्दानेही बोललो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर तुमची भाची वर्षा यंदा सरकारी शाळेच्या खो-खो संघाची कप्तान. फायनल पडली नदीकडच्या एका फीवाल्या शाळेशी. आता न्याय बघा. त्यांच्या संघातल्या तीन पोरी गेल्या वर्षापर्यंत आपल्याच. फी माफ, बूट फुकट, रोज दूध-अंडी, असं करून उचलून नेल्या. आमच्या पोरी शाळेमागच्या गल्लीत अनवाणी खेळतात, आणि कापडाच्या ताक्यांचा टेम्पो आला की खेळ थांबवून भिंतीला चिकटतात. रोप आम्ही वाढवायचं आणि आंबे त्यांनी खायचे! हे मी कारखान्यात इतक्यांदा बोललो, की हल्ली मला पाहिलं की शेटही दुसऱ्या दाराने जातो.

तुमच्या बहिणीने मात्र बोलत न बसता उपाय केला. नवा माग बसला की आपण त्याला तेल-शेंदूर लावून नारळ फोडतो, तसं तिने सामन्याआधी मैदानावरच्या खांबाला साग्रसंगीत केलं. (“आते खांब आपला शे, आपलंच ऐकी,” असं वर मलाच सांगितलं.) पाठलागाची पहिली पाळी आपली. वर्षा जोरात आली, वळण्यासाठी खांब धरला, हात सटकला आणि पोरगी थेट पाहुण्यांच्या सरबताच्या टेबलाखाली. तिच्यामागून आणखी दोघी. पाळी बदलली तेव्हा त्यांच्या सरांनी नॅपकिन काढून खांब लख्ख पुसला. आपण एका गुणाने हरलो. मी तक्रार केली, की आमचं तेल आम्हाला न विचारता पुसलं, हा अन्याय आहे. पंचांनी विचारलं, तेल लावलं कोणी? तिथे मी तक्रार मागे घेतली.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
भाईदास

ता. क. त्याच शाळेचे सर काल घरी आले होते. वर्षा त्यांना हवी आहे. बारावीपर्यंत फी माफ, बूट, दूध, अंडी सगळं. मी लगेच हो म्हणालो. आंब्यांचं जे वर लिहिलं ते विसरा, पोरीचं भलं होतंय. पण मैत्रिणींना सोडून जायला तीच नाही म्हणते. “तठे मी खो कोनले देऊ? मन्या मैतरणी तं आठेच शेतस.” ती फक्त तुमचं ऐकते. चार ओळी लिहून तिला समजवा, एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा. आज संध्याकाळी त्या सगळ्या पोरी गल्लीत खेळत होत्या. मी कामावरून येऊन बराच वेळ बघत उभा राहिलो. पत्र तुम्ही लिहाच, बाप म्हणून मला ते मागितलंच पाहिजे. फक्त तिला पटेल असं लिहू नका.