हिरव्या दारापासूनची पावलं

ता. ६ सप्टेंबर १९३६, रवि.
चि. वसंताचं पत्र विलायतेहून बावीस दिवसांनी आलं. प्रकृती ठीक. सफरचंदाची झाडं कशी छाटायची ते शिकवताहेत. बाकी सगळं पत्र राहतो त्या गावाबद्दल. गावाचं नाव सॉल्टहिथ. सौ.ला म्हणता येत नाही. सॉल्ट म्हणजे मीठ, एवढं मी सांगून चुकलो. तेव्हापासून ती मिठगाव म्हणते, आणि आता आमचं अख्खं गाव, किन्हीराजा, मिठगाव म्हणतं.
चाळीसेक घरं, नदीचा काठ, एक चर्च, एक धक्का, पलीकडे जायला नाव. लिहितो, ‘चर्चच्या उजवीकडे फळबाग.’ उजवीकडे म्हणजे कुणाच्या? मोजणीदाराचं पोर आणि दिशा लिहीत नाही. मी तीस वर्षं साखळी ओढली ती पाण्यातच गेली म्हणायची.
जुन्या फलकावर कागद ताणून गावाचा नकाशा सुरू केला. पेन्शनीत दुसरं काम काय.

ता. ८, मंगळ.
सौ. सकाळपासून घुश्श्यात. कारण विचारलं तर पत्रातली ती ओळ: ‘सकाळी पाणी नव्हतं, सगळ्या नावा चिखलात कलंडल्या होत्या.’ तिच्या मते नदी आटली.
“भर पावसाळ्यात नदी आटली. अन पोट्टा तठी काय पिऊन राह्यला?”
समुद्र जवळ असला की नदीचं पाणी दिवसातून दोनदा जातं आणि दोनदा येतं, असं सांगितलं. तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते लिहीत नाही. खरं म्हणजे मलाही नीट उमगत नाही, समुद्र मी कुठे पाहिलाय. पण नकाशाची पंचाईत झाली. काठ कुठे आखायचा? शेवटी दोन आखले, एक शाईनं, एक पेन्सिलीनं.
वसंताला लिहिलं: असं चालणार नाही. एक ठिकाण पक्कं धर, तिथून प्रत्येक जागेपर्यंत पावलं मोज, दिशा लिही, आणि कळव.

ता. २० सप्टें., रवि.
कारंज्याहून नारायणरावांचा निरोप, चैत्राचं पक्कं ना म्हणून. ते कापसाच्या गाड्या चालवतात, अर्धा जिल्हा त्यांच्या बैलांनी तुडवलाय. वसंता जाण्याआधी त्यांच्या इंदूसाठी मी शब्द दिला. वसंतानं मान हलवली होती. चैत्रात परत येणार, वैशाखात लग्न. पक्कं, असं कळवलं.

ता. २७ ऑक्टो., मंगळ.
पत्र! पावलं मोजून धाडली, दिशांसकट. पोराला अखेर अक्कल आली.
हिरव्या दाराच्या घरापासून धक्का, १४० पावलं, पूर्व. हिरव्या दारापासून चर्च, ३१०. हिरव्या दारापासून फळबाग, ५२५. त्याची स्वतःची खोली, हिरव्या दारापासून ६८०. पूल, गिरणी, शाळा, काही सोडलं नाही. एका ठिकाणाहून सगळी मापं, मी सांगितलं तशी. सगळं जुळतंय, एक रेघ चुकत नाही.
सौ.ला नकाशावर नावेनं पलीकडे नेऊन आणलं. खूश होती. मग म्हणाली, चैत्राचं काई लिवलं? पुन्हा पाहिलं. नाही लिहिलं. राहून गेलं असेल.

ता. ३०, शुक्र.
दिवसभर नकाशा. नदीला निळा रंग दिला. गल्लीतले लोक पाहून गेले. आमच्या गावाचा इतका चांगला नकाशा सरकारजवळही नाही.

ता. १० नोव्हेंबर, मंगळ.
नारायणराव स्वतः आले, दिवाळीच्या तोंडावर. इंदूला अमरावतीचं स्थळ सांगून आलंय. चहा झाला आणि मी हौसेनं नकाशा पुढे केला. या माणसाला रस्ता दाखवावा लागत नाही. बोट टेकवलं, फिरवलं, थांबले.
“मोजणीदार, पोट्टं राह्यते कोठी?”
मी खालचा कोपरा दाखवला.
“मंग मापं सारी ह्या घरापासून काहून घेतली?”
मी म्हणालो, मीच सांगितलं होतं, एक ठिकाण पक्कं धर. ते म्हणाले, कोनतं ठिकान ते तुमी सांगितलं नोतं, ते त्यानं धरलं.
तीस वर्षांत कुणी माझ्या नकाशातून मला न दिसलेलं काढून दाखवलं नव्हतं. भले गृहस्थ. आवाज चढवला नाही. जाताना म्हणाले, “माही पोरगी मले वझं नाई. पन तिले लटकत ठेवनार नाई. तुळशीच्या लग्नाआंधी सांगा.”

त्याच संध्याकाळी सौ.ला सगळं सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती, हात थांबला नाही.
“मले श्रावनापासून ठावं हाये. पयले ‘मी गेलो’ लिवे. आता ‘आमी गेलो’ लिवते. तुमी वाचता, मी आयकते.”
मग बोलली का नाही? तर म्हणे, तुमी नकाशात खुशीत होते.
जेवलो नाही. राग कुणाचा आला ते ठरत नाही.

ता. ११, बुध.
सगळी पत्रं काढली. बरोबर आहे तिचं. ‘आम्ही पुलापर्यंत चालत गेलो.’ ‘आम्हाला पाऊस लागला.’ ‘आम्ही’मध्ये दुसरं कोण ते एकदाही नाही. चैत्राचा उल्लेख शेवटच्या तीन पत्रांत नाही.

ता. १२, गुरु.
उलट बाजूही लिहून ठेवतो. हिरवं दार पोस्टाचं असेल. खाणावळीचं असेल. चार पोरं मिळून हिंडत असतील, म्हणून ‘आम्ही’. नुसत्या पावलांवरून मी कारंज्याला नाही म्हणालो आणि उद्या पोरगा चैत्रात एकटा दारात उभा राहिला, तर? इंदूसारखी मुलगी पुन्हा मिळायची नाही. त्याचं नुकसान मी माझ्या हातानं केलेलं असेल.
पत्र घालून उत्तर यायला दीड महिना. तुळशीच्या लग्नाला पंधरवडा. तार करावी तर काय लिहू? हिरवं दार कुणाचं? वाशीमच्या तारबाबूनं दुसऱ्या दिवशी गावभर केलं असतं.

ता. १५, रवि. पाडवा.
सौ.नं ओवाळलं. दोघंही वसंताचं नाव काढत नाही.
कापूस वेचणी सुरू. बायकांनी शेतात तिला विचारलं, मिठगावात दिवाळी करतात का. ती म्हणाली करत असतील.

ता. १९, गुरु.
शेवटी सौ.लाच विचारलं, तुला काय वाटतं. म्हणाली, पोट्ट्याचं आपन पाहू, पन दुसऱ्याच्या लेकीले आशेवर ठेवाची नाई. मी म्हणालो, आपली चूक झाली तर? म्हणाली, झाली तं आपली झाली.
मला इतकं सरळ सुचलं नव्हतं.

ता. २२, रवि.
कारंज्याला जाऊन आलो, सर्व्हिस मोटारीनं. शब्द परत घेतला. नारायणरावांना म्हणालो, माझ्याजवळ पुरावा नाही, पण खात्रीही देववत नाही. त्यांनी मान डोलावली. पाणी आणायला इंदूच आली. तिला ऐकू गेलं होतं.
“काका, तुमी सोता आले, बरं केलं. चिठ्ठी आली असती तं लागलं असतं मले.”
एवढं बोलून आत गेली. डोळे कोरडे होते तिचे. माझे नव्हते. परतीच्या मोटारीत ओळखीचं कुणी नव्हतं ते बरं झालं.
सून म्हणून तिला मी वर्षभर मनात घरी वागवत होतो. हे आजवर सौ.लाही सांगितलं नाही.

ता. २३, सोम.
नकाशाकडे गेलो नाही. बैलाच्या खुराला लागलंय, ते पाहिलं. हवा थंड.

ता. २४, मंगळ.
वसंताला पत्र लिहायला बसलो. आधी चार पानं झाडली: शब्द म्हणजे काय, बापाचा मान म्हणजे काय. फाडली. दुसऱ्यांदा थोडक्यात लिहिलं. कारंज्याचं मोडलं, मी मोडलं, तुझ्यावर रोष ठेवून नाही. चूक झाली असेल तर तसं कळव, मी पुन्हा त्यांच्या दारात जाईन. खाली विचारलं: हिरव्या दाराचं घर कुणाचं?
सौ.ला वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीशी तिनं थांबवलं.
“घर कायले इचारता? तिचं नाव इचारा.”
आणि तसं कुणी नसलंच तर, मी म्हणालो. तर तो हासन, ती म्हणाली.
ओळ खोडली. नाव विचारलं. पाकीट बंद केलं, उद्या डाकवाल्याजवळ देईन. उत्तराला संक्रांत उजाडेल.