साहेबांना एवढ्यात नको सांगायला

परभणी, ८ जुलै १९५७
आज आमच्या मलेरिया कँपात स्टाफ युनियन स्थापन झाली. मी, दिनकरराव, एकमताने सेक्रेटरी. एकमताने म्हणजे फवारणीच्या गड्यांनी माना हलवल्या. इंग्रजी मला एकट्यालाच येतं, तेव्हा दुसरं नाव निघणार कुठून? संस्था आंतरराष्ट्रीय आहे. परदेशातल्या हेडऑफिसचा हुकूमच आहे की युनियनने आणि मॅनेजमेंटने एका टेबलाशी बसून, सहकार्याने कारभार करावा. मॅनेजमेंट म्हणजे आमचे गोरे साहेब. युनियन म्हणजे मी.
संकल्प: कँपात भांडण होऊ द्यायचं नाही.

११ जुलै
जॉइंट कमिटीची पहिली मीटिंग. साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली! कारकुनी करतो, स्टोअर सांभाळतो, दुभाषा म्हणून घसा कोरडा करतो, पण खुर्ची आजच मिळाली. साहेबांनी विचारलं, माणसांची काही मागणी? म्हटलं, नो सर. त्यांनी पुन्हा विचारलं. मीही पुन्हा नो सर. माझा सभ्यपणा पाहून भारावले असावेत.

१९ जुलै
नवी पावडर आली. जहाल आहे. झरी गावात फवारली तर डासांबरोबर कोंबड्याही गेल्या. टोळीचा मुकादम अंगद म्हणाला, "साबण पायजे, कपड्याचा दुसरा जोड पायजे. पावडर अंगावर घिऊनच झोपायलोत आमी." म्हटलं, सांगतो, योग्य वेळ आली की. पहिल्याच महिन्यात साबण मागणं युनियनला शोभत नाही.

२ ऑगस्ट, संध्याकाळी
मोठी बातमी! या महिन्यात दिल्लीहून बडे साहेब इन्स्पेक्शनला येणार. पुढे जिनिव्हात परिषद आहे, तिथे सहकार्य उत्तम असलेल्या कँपातून कोणीतरी न्यायचं आहे, असं साहेब बोलता बोलता म्हणाले. "कोणीतरी" म्हणताना माझ्याकडेच पाहत होते. (खोलीत दुसरं कोणी नव्हतं, पण तरी.) कोट शिवायला टाकला. सौ.ने विचारलं, तिकडं ज्वारी मिळती का? या घरात मोठा विचार करायची सोय नाही.

७ ऑगस्ट
घोटाळा. झरीत रायभान फवारता फवारता पडला. हातपाय झाडले, तोंडाला फेस आला. मेंढरं भावावर सोपवून नोकरीला आलेला, दणकट गडी. थोड्या वेळाने उठला आणि लाजून पुन्हा पंप उचलायला लागला. अंगद माझ्या कानाशी: "पावडरीनं झालंय हे. सायबाला आत्ताच्या आत्ता सांगा."
एवढ्यात कसं सांगणार? बडे साहेब यायचेत. पण साहेबांनी लांबून सगळं पाहिलं होतं. मला विचारलं, काय झालं? तोंडातून निघून गेलं: सर, याच्या अंगात येतं. पोखर्णीच्या नरसिंहाचं वारं आहे.
साहेबांनी हॅट काढली! म्हणाले, डॉक्टर बोलवू? म्हटलं, लोकांच्या भावना दुखावतील. ते म्हणाले, श्रद्धेत ढवळाढवळ करायची नाही असं आमचं धोरणच आहे. किती चटकन मिटलं. सुचलं बुवा.

९ ऑगस्ट
रायभानची बायको केवळाबाई दारात हजर. म्हणे, "ह्यांच्या अंगात कवाच येत न्हाई. आमच्या घरात कुणाच्याच येत न्हाई. कुनी सांगितलं सायबाला?" मी म्हणालो, बाई, हा कमिटीचा विषय आहे. उगीच तोंडाला तोंड देत बसलो नाही.

१२ ऑगस्ट
जॉइंट कमिटीचा ऐतिहासिक ठराव: अंगात येणाऱ्या कर्मचाऱ्याला भरपगारी धार्मिक रजा, शिवाय देवळापर्यंत जीप. साहेब म्हणाले, जगात कुठल्या कँपात असा ठराव नसेल. अंगदला सांगितलं, हा युनियनचा विजय आहे. तो म्हणाला, "आन् साबण?" याला दृष्टीच नाही.

२१ ऑगस्ट
रायभान रजेवरून परतला. आठवडाभर पोखर्णीला होता, अगदी ठणठणीत झाला. आता मलाही वाटायला लागलंय की नरसिंहाचंच असेल. आज कामावर घेतला. पावडर तीच. पण माणूस ताजातवाना आहे.

२६ ऑगस्ट
बडे साहेब आले. सगळं झकास. त्यांनी अंगदलाच विचारलं, काही तक्रार? अंगद भडाभडा बोलला. हात धुवायला पाणीसुद्धा मिळत न्हाई, रायभानचे हात पुन्हा थरथरायलेत, हा मरंल. मी इंग्रजी केलं: हे लोक संस्थेचे फार आभारी आहेत. बड्या साहेबांनी अंगदशी हस्तांदोलन केलं. अंगद कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होता.
संकल्प: बडे साहेब गेले की दुसऱ्याच दिवशी साबणाचं बोलायचं. नक्की.

२७ ऑगस्ट
रायभान गेला.
सकाळी झटके सुरू झाले ते थांबेनात. साहेब धावत आले, स्वतः उचलून जीपमध्ये ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, टेंपल. ठरावच तसा होता. अंगद ओरडत होता, "दवाखान्यात न्या, दवाखान्यात!" साहेबांनी मला विचारलं, काय म्हणतोय? बडे साहेब शेजारीच उभे होते. मी म्हणालो, लवकर न्या म्हणतोय.
पोखर्णीच्या वाटेवरच संपला. धावत येऊन जीपमध्ये चढलेल्या केवळाबाईच्या मांडीवर डोकं होतं.

३१ ऑगस्ट
दुखवट्याचा ठराव. मी मांडला, साहेबांनी अनुमोदन दिलं. एकमताने.
पावडरीनेच झालं असं कशावरून? मी काही डॉक्टर नाही. जेवण जात नाही. कोट शिवून आला, घालून पाहिला नाही.

४ सप्टेंबर
आज गड्यांनी पंप खाली ठेवले. केवळाबाईला पुढे घालून सगळे ऑफिसात शिरले. तिने रायभानचा सदरा टेबलावर ठेवला. पावडरीने पुठ्ठ्यासारखा कडक झालेला. मग एकेकाने आपले हात साहेबांसमोर धरले. सगळेच थरथरत होते. याला दुभाषा लागत नाही.
साहेब पांढरेफटक पडले. तिथल्या तिथे फवारणी बंद केली. साबण, कपडे, डॉक्टर, सगळं आजच्या आज. मागायचाच अवकाश होता.
मग त्यांनी अंगदला विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? हे मी मराठीत नीट सांगितलं.
अंगद शांतपणे म्हणाला, "सायबाला म्हना, दर खेपंला सांगितलं. ह्यांच्याच तोंडानं सांगितलं."
वाक्य सोपं आहे. शाळेतल्या पोरालाही याचं इंग्रजी करता येईल. साहेब माझ्याकडे बघत थांबले होते. केवळाबाईसुद्धा. मी प्यायला पाणी मागितलं. कोणी जागचं हललं नाही.