ब्रिटाच्या खोलीतला फ्रिज

ती. मार्लिसताईस,

धाकट्या ऑरिनचा, पाठ परवानगी देते तितका वाकून, नमस्कार. तुझा नवा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार हे मला ठाऊक आहे, पण विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. इकडे आम्ही ठीक. परसात झुकिनीची भाजी यंदा इतकी आली आहे की चर्चबाहेर गाडीची काच उघडी ठेवायची सोय नाही, प्रार्थना संपेपर्यंत कोणीतरी आत चार टाकून जातं. (मीही टाकतो.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मला हळू बोलता येत नाही आणि माझ्या बायकोचे, जोडीचे, कान तुला माहीत आहेत. म्हणून पत्र.

आमच्या लेकीला, ब्रिटाला, हॉस्टेलवर सोडायला आलो तेव्हा तू अंथरुणात होतीस, त्यामुळे एका मोठ्या समारंभाला मुकलीस. कॉलेजने सामानाची यादी पाठवली होती. काय आणावं ते अर्ध्या पानात: चादरी, दोन टॉवेल, एक दिवा, आणि साबण-शाम्पू न्हाणीघरात न्यायला भोकांची टोपली. काय आणू नये ते मात्र दीड पान: मेणबत्त्या, टोस्टर, खिळे, हवेने फुगणारा सोफा, साप. साप वाचून मला त्या कॉलेजबद्दल आदर वाटला. अनुभव आल्याशिवाय असं कोणी लिहीत नाही. जोडीने इंटरनेटवरून वेगळी यादी काढली, तिच्यात एकशे चौदा वस्तू होत्या आणि तीन रंगांच्या खुणा. चादरीवरून तर घरात आठवडाभर तणाव होता, कारण हॉस्टेलची गादी साध्या गादीपेक्षा पाच इंच लांब असते. ती पाच इंच का लांब असते हे दुकानात कोणालाही सांगता आलं नाही, पण त्या पाच इंचांसाठी अख्ख्या देशात वेगळ्या चादरी विणतात, ऑगस्टमध्ये विकतात, आणि चार वर्षांनी त्या जगातल्या कुठल्याच पलंगाला बसत नाहीत. आमच्या वेळी मी एक बॅग आणि एक उशी घेऊन गेलो होतो आणि उशी तुझी होती. (ती परत करायची राहिली, ते माझ्या लक्षात आहे.)

मी स्वतः यादीबिदी केली नाही. फक्त बर्फ ओढायचं फावडं, चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी आणि बॅटरीला जोडायच्या वायरी एवढंच काढून ठेवलं. जोडी म्हणाली, "अहो, तिच्याकडे गाडी नाही." म्हटलं, दुसऱ्या कोणाची बंद पडली तर? ब्रिटाने हे सगळं गॅरेजच्या दारात उभं राहून बघितलं आणि म्हणाली, "नको, बाबा." एकदाच म्हणाली. आता तूच सांग, आपल्या मिनेसोटात एकदा म्हटलेल्या 'नको'ला कोणी 'नको' धरतं का? पहिल्यांदा विचारलं की नको, दुसऱ्यांदा विचारलं की कशाला उगीच, आणि तिसऱ्यांदा, बरं, एवढं म्हणताय तर. आईने आपल्याला हे चालायला शिकायच्या आधी शिकवलं. पाद्रीबाईंनी दोनदाच विचारलं म्हणून तू सफरचंदाचा केक न खाता उठलीस आणि घरापर्यंत रडत आलीस, ते मी विसरलेलो नाही. पण ब्रिटा एकदा नको म्हणते आणि तिला खरंच नको असतं. ही सवय तिला कुठून लागली कोण जाणे. माझ्या घराण्यात नाही. मी वस्तू दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पुढे करत राहिलो आणि ती त्या उन्हाळाभर पुन्हा गॅरेजमध्ये नेऊन ठेवत राहिली.

आता फ्रिज. खोली दोघींची. दुसरी मुलगी टेगन हॉगन, पश्चिमेकडची, बाप ड्वेन बियाणं विकतो. नियम असा की खोलीत एक छोटा फ्रिज चालेल. म्हणून जुलैत जोडीने हॉगनबाईंना फोन केला. फ्रिज आम्ही आणतो, असं ही म्हणाली. छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता, आमचा पडूनच आहे, असं त्या म्हणाल्या. अहो, आमचाही पडूनच आहे. अहो, पण तुम्ही लांबून येणार. अहो, तुम्ही त्याहून लांबून येणार. पाऊण तास हे चाललं आणि शेवटी दोघी "बरं, बघू कसं जमतं ते" म्हणाल्या. याचा अर्थ आपल्याकडच्या कोणालाही कळतो. त्यांनीही आणला, आम्हीही आणला. गालिच्याचं तेच, पंख्याचं तेच. बारा बाय अकराची खोली, ताई. आम्ही चार माणसं आणि दोन फ्रिज आत शिरल्यावर दार लागेना, आणि ज्या दोघींसाठी हे चाललं होतं त्या बाहेर बोळात उभ्या. "तुमचाच राहू द्या," मी म्हणालो. "नाही हो, तुमचाच," ड्वेन म्हणाला. तो वाईट माणूस नाही. आम्ही दोघांनी मिळून पलंग उंच केले, रबरी हातोडीने, तासभर, आणि त्या तासात तो एकदा "हं" म्हणाला आणि मी एकदा "हं" म्हणालो. इतकं मोकळं मी वर्षभरात कोणाशी बोललो नव्हतो.

मग हिरवळीवर पालकांसाठी जेवण होतं, आणि मग निरोप. आता निरोप म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मांडीवर थाप मारून "चला" म्हणायचं आणि बसून राहायचं. मग उभं राहून अर्धा तास. मग दारात. मग गाडीच्या खिडकीत कोपर टेकवून, रस्त्यात हरणं सांभाळा, इथपर्यंत. बाबा थोरल्या काकांकडून निघाले की आपण गाडीत झोपून उठायचो तरी त्यांचं निघणं चालूच असायचं. तर मी मांडीवर थाप मारली आणि "चला" म्हणालो. ब्रिटा उठली, तिने जोडीला मिठी मारली, मला मिठी मारली, म्हणाली, "हो, निघा आता. आमची सभा आहे." आणि गेली. चालत नाही, जवळजवळ पळत. टेगनबरोबर हसत. मी अजून थापेवरच होतो. मला फार वाईट वाटलं, ताई. अठरा वर्षांचा निरोप आणि खुर्ची गरम व्हायच्या आत संपला.

हातोडी वर राहिली होती म्हणून मी एकटा खोलीत परत गेलो, आणि तिथे मला सौजन्य सुचलं. हॉगनांच्या फ्रिजला बर्फाचा कप्पा होता, आमच्याला नव्हता. म्हटलं, त्यांचाच राहू दे, उगीच पोरींना वाद नको. आमचा उचलला, पूर्वेकडच्या जिन्याने उतरवला आणि गाडीत घातला. जोडीने माझं कौतुक केलं. (सव्वीस वर्षांत हे तिसरं.) संध्याकाळी ब्रिटाचा फोन आला की खोलीत फ्रिजच नाही. झालं होतं असं की नेमकं तेच सौजन्य ड्वेनलाही सुचलं होतं आणि तो त्याचा घेऊन पश्चिमेकडच्या जिन्याने उतरला होता. दोन फ्रिज तीनशे मैल फिरून घरी गेले आणि जोडीने दिलेले जंगली तांदूळ घालून भट्टीत भाजलेल्या हॉटडिशचे सहा डबे खिडकीत ठेवलेत, ऑगस्टच्या उन्हात. आपल्या लोकांच्या भिडस्तपणाने एक दिवस आपला सर्वनाश होणार आहे, हे मी नेहमी म्हणतो. ड्वेनने लगेच फोन केला, मी आणतो म्हणाला. मी म्हणालो, छे, मी आणतो. त्याने दुसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी फोन ठेवून दिला. उद्धटपणा झाला, मान्य आहे. तर शनिवारी फ्रिज घेऊन मी येतो आहे.

गुडघ्याला जप. व्यायाम कर.

तुझा धाकटा भाऊ,
ऑरिन

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. तुझ्या तळघरात एक छोटा फ्रिज आहे आणि तू हॉस्टेलपासून दहा मिनिटांवर राहतेस, हे काल जोडीला आठवलं. ती तुला फोन करणार आहे. केलाच तर फ्रिज बिघडलाय म्हणून सांग. एवढं माझ्यासाठी कर. उशी परत करतो.

ता. क. २. वर एके ठिकाणी मी खोटं लिहिलं आहे आणि ते मला सोसत नाहीये. मी हातोडी घ्यायला वर गेलो तेव्हा हॉगनांचा फ्रिज आधीच गेला होता. खिडकीतून खाली ड्वेन दिसत होता, पिकअपमध्ये फ्रिजला दोरी बांधत होता. खोलीत एकच फ्रिज उरला होता आणि तो आमचा होता. मी थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिलो आणि मग उचलला. तिथे काहीतरी पोचवायचं राहिलं असेल तर पुन्हा जाता येईल, एवढंच डोक्यात होतं. जोडीला सांगू नकोस, तिचं कौतुक परत जाईल.

ता. क. ३. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात ब्रिटाचा फोन आला. म्हणे मार्लिसआत्याने परवाच तळघरातला फ्रिज शेजाऱ्याकरवी पोचवला आणि स्वतः काठी टेकत बरोबर आली. म्हणजे हे पत्र आता कशाच्याच उपयोगाचं नाही, पण तिकीट लावून झालं आहे. मी म्हणालो, छान झालं, मग शनिवारी माझं काही काम नाही. ती म्हणाली, "तरी ये, बाबा." मी म्हणालो, नको, तुझा अभ्यास असेल. ती म्हणाली, "ये ना, जेवायला जाऊ." मी म्हणालो, कशाला उगीच. म्हणालो खरा, पण आता ती फोन ठेवणार असं वाटलं, कारण ती कसली आहे ते तुला सांगितलंच आहे, 'नको' म्हणजे 'नको' धरणारी. मग ती म्हणाली, "बाबा, तिसऱ्यांदा विचारतेय."

मी बरं म्हणालो.