आमची कपल एंट्री

ती. शुभदामावशीस,

यामिनीचा साष्टांग नमस्कार (रजईत बसूनच घातला आहे, तो उभ्याने घातला असं धरून चाल. बाहेर धुकं इतकं आहे की समोरच्या घराचं फाटकसुद्धा दिसत नाही). तुझे गुडघे कसे आहेत? डाव्याचं ऑपरेशन ठरलं, की अजून उजव्याचं मत येण्याची वाट बघते आहेस? तुझी भुरी मांजर व्याली का? पिल्लं कोणाकोणाच्या गळ्यात मारलीस? मी खुशाल आहे. खरं तर खुशाल हा शब्द अगदीच अपुरा आहे, म्हणून फोन न करता कागद घेतला. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि सूनबाई पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकतात, तेव्हा हे पत्र देवघरात बसून वाच. तिथे तुला कोणी मध्येच हाक मारत नाही.

दिवाळीत मी तुला गुरलीनबद्दल सांगितलं. अख्ख्या खानदानात तुला एकटीला. तू बराच वेळ मेथी निवडत राहिलीस (मला वाटलं, आता ही सगळी जुडी संपेपर्यंत माझा जीव टांगणीला) आणि मग विचारलंस, तिकडे तुमच्यासारख्या मुलींना चार घटका बसायला-उठायला काही जागा असते का गं. मावशी, मी तेव्हा हसले, पण चंदीगडला परत आल्यापासून आम्ही दोघी त्याच प्रश्नामागे हात धुऊन लागलो होतो. आमची अडचण तुला ठाऊक आहे. गुरलीन पिंजौरला बँकेत आहे आणि आईवडिलांजवळ राहते. मी इथे भुलीची डॉक्टर, ढिल्लों आंटीजींच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू. आंटीजींचे नियम कडक: मुलगे नाहीत, दारू नाही, पार्टी नाही, मोठ्याने गाणी नाहीत. दर शनिवारी गुरलीन बसने येते आणि आम्ही सुखना तलावाच्या काठावर हवामानावर बोलत बसतो, कारण पिंजौरचं कोणी ना कोणी तिथे भुईमुगाच्या शेंगा खात हिंडत असतंच. मोठ्या शहरांत म्हणे बायकांचे वेगळे बार असतात, जिथे दोघी शेजारी बसल्या तर कोणी वळूनही बघत नाही. तसा एखादा इथेही असेल, या आशेने मी मोबाईलवर शोधलं. त्याने मला एक लेडीज जिम, दोन ब्युटी पार्लर आणि एक विवाह मंडळ दाखवलं.

मग गुरलीनने पुढाकार घेतला. (ही मुलगी बँकेत दिवसभर लोकांना नाही म्हणते, त्यामुळे बँकेबाहेर तिचा आत्मविश्वास दांडगा.) सेक्टर सव्वीसमधल्या एका क्लबवर पाटी होती की एकट्या पुरुषांना प्रवेश नाही, फक्त कपल आणि लेडीज. गुरलीन म्हणाली, आपण कपल आहोत, कपल म्हणूनच जायचं. दारावरच्या पैलवानाने आम्हाला बघून अदबीने सांगितलं की लेडीजना फुकट आहे जी, जाओ. गुरलीन म्हणाली, आम्हाला फुकट नको, कपलचं तिकीट द्या. तो म्हणाला, जेंट्स कुठे आहेत? ती म्हणाली, जेंट्स नाहीत, आम्ही दोघी कपल. त्याने आत जाऊन मॅनेजरला आणलं. मॅनेजर हात जोडून म्हणाला की आप हमारी बहनें हो, बहनों से पैसे कैसे लें. मागे रांग लांबत चालली होती, मावशी, आणि आम्ही पैसे पुढे करत होतो आणि तो मागे ढकलत होता, आपल्याकडे लग्नात आहेर नाकारतात ना, अगदी तसं. शेवटी आमच्या मनगटांना गुलाबी पट्ट्या बांधून आम्हाला दोन सुट्या लेडीज म्हणून आत सोडलं. आत बसायला सोफा मिळाला, गाणीही बरी होती, पण दर थोड्या वेळाने कोणीतरी चिरंजीव येऊन विचारायचे की तुम्ही दोघी एकट्याच का. दोघी एकट्या कशा असतील, हा प्रश्न तिथे कोणालाच पडला नाही. गुरलीन इतकी चिडली की तिने फुकटचं सरबत तसंच ठेवलं (मी पिऊन टाकलं).

दुसऱ्या एका ठिकाणी लेडीज नाईट होती. मला वाटलं, निदान बायका तरी असतील. बायकांना बघायला येणारे पुरुषच इतके की आम्हाला पायऱ्यांवरून परत फिरावं लागलं. मी त्या दिवशी गुरलीनला म्हटलं की जाऊ दे, आपल्या नशिबी तलावच आहे. तिने बस येईपर्यंत माझ्याकडे बघितलंही नाही. तेव्हा मला कळलं की हे तिला माझ्याहून जास्त लागलं आहे. तिला घरी तोंड उघडता येत नाही, माझ्या खोलीवर फार वेळ थांबता येत नाही. एक तरी दार असावं जिथे आम्ही दोघी म्हणून आत शिरू, एवढंच तिचं म्हणणं होतं.

त्यानंतर इन्स्टाग्रामवर एक गट सापडला. आमच्यासारख्या मुलींचा, महिन्यातून एकदा कुठल्या तरी कॅफेत भेटणारा, पत्ता आयत्या वेळी कळवणारा. आम्ही गेलो. दहा-बारा जणी होत्या, कोणी वकील, कोणी विद्यापीठात संशोधन करणारी, एक चंडीमंदिरच्या शाळेतली पीटीची बाई. मावशी, काय सांगू तुला, मला बसल्या बसल्या रडूच यायला लागलं. इतक्यात पाठीमागून शुद्ध मराठीत हाक आली, अगं यामिनी, तू इकडे कशी? बघते तर इथल्या महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस गजाननकाका, मफलर गुंडाळून, कॉफीचा मग हातात. (हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, मूळचे अकोल्याचे. मंडळाचे सभासद वाढवणं हा त्यांचा एकमेव आजार.) खुर्ची ओढून बसलेच. या सगळ्या कोण, म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं की काही नाही काका, बायकांचा कार्यक्रम ठरवतोय. काका उजळले. म्हणाले, अगं, संक्रांत तोंडावर आहे, हळदीकुंकू करा की. मी मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या पत्त्यासकट टाकलंही.

मी घाबरून घरी आले. आता आंटीजींना काय सांगायचं? चाचरत म्हटलं की आमच्यात संक्रांतीला फक्त बायकांना घरी बोलवायची पद्धत आहे. आंटीजींनी चष्म्यावरून बघत विचारलं, कोई मुंडा नहीं आएगा? मी म्हटलं, एकही मुलगा येणार नाही. पक्का? पक्का. मावशी, आंटीजींनी मला मिठी मारली. वरच्या खोलीत नको, म्हणाल्या, खालचा दिवाणखाना घे, हीटरसकट. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अख्ख्या चंदीगडात आम्ही बायकांची जागा शोधत फिरलो, आणि आपल्या घरी ती दर संक्रांतीला सतरंजी टाकून तयार होते. मी कॅफेतल्या सगळ्या जणींना निरोप धाडला की या, आणि येताना काळे कपडे घाला, संक्रांतीला तसंच घालतात.

हा निरोप मात्र अंगाशी आला असता. मंडळाच्या बायका काळ्या चंद्रकळा नेसून आल्या, आणि आमच्या पोरी काळी जॅकेटं, काळे बूट, काळ्या टोप्या घालून. सगळं दालन काळंभोर. कोण मंडळाची आणि कोण आमची, आंटीजींना शेवटपर्यंत कळलं नाही. मंडळाच्या मेघनाताई तर भारावून गेल्या, पंजाबातल्या मुली आपली रीत किती मनापासून पाळतात म्हणून. वाण म्हणून मी चहाची गाळणी दिली. (हसू नकोस, बाजारात तीच एका आकाराची इतकी मिळाली.) पीटीच्या बाईंना वाटलं गाळणी बक्षीस आहे, त्या विचारत होत्या, कुठल्या स्पर्धेचं. मसाला दूध थंड झालं तशा आंटीजी आत गेल्या आणि आपल्या यजमानांच्या, कर्नलसाहेबांच्या वेळची मिलिटरी रमची बाटली घेऊन आल्या. सर्दी की दवाई है, म्हणाल्या, आणि प्रत्येकीच्या पेल्यात झाकणभर ओतली. दारूबंदी स्वतः मालकिणीने उठवली. मेघनाताईंनी औषध म्हणून दोनदा घेतलं.

आणि मग मंडळाच्या बायकांनी ते सुरू केलं ज्याची मला धास्ती होती. नाव घ्या, नाव घ्या. एकेकीने नवऱ्यांची नावं घेतली. आमच्या पोरी टाळ्या वाजवत होत्या. गुरलीनने शेजारच्या काकूंना हळूच विचारलं की हे काय चाललंय. काकूंनी समजावलं की आपलं जे माणूस असेल त्याचं नाव कवितेत गुंफून सगळ्यांसमोर घ्यायचं. मी तिला खुणावत होते की बस, बस खाली. मावशी, ती उभी राहिली. टोपी काढली आणि म्हणाली:

पिंजौर से चली बस, कालका से चली रेल,
यामिनी का नाम लेती हूँ, बाकी सारा खेल.

माझ्या हातातली हळदीची वाटी कलली. (सतरंजीवर डाग पडला आहे, अजून निघालेला नाही.) मेघनाताईंनी गुरलीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांना समजलं, हे मला दिसलं. मनात म्हटलं, संपलं, आता मंडळ, आंटीजी, नोकरी सगळंच गेलं. मेघनाताई करंडा घेऊन उठल्या, गुरलीनच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, नाव छान घेतलंस म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, आता तू घे. मी वाटी खाली ठेवली आणि घेतलं:

चंदीगडच्या धुक्यात सापडेना रस्ता,
गुरलीनचं नाव घेते, फार खाल्ल्या खस्ता.

कॅफेतल्या पोरींनी असा काही कल्ला केला की शेजारचे लोक गच्चीत आले. मंडळाच्या दोघी-तिघी लगबगीने निघून गेल्या, हेही सांगते, सगळंच गोड झालं असं नाही. पण बाकीच्या थांबल्या. मग आंटीजींनी आपलं कपाळ पुढे केलं आणि विचारलं, मेरी बारी कब. कर्नलसाहेब जाऊन किती वर्षं झाली, पण आंटीजींना आपला नियम कुठे ठाऊक, आणि मेघनाताईंनी तो सांगितलाही नाही. लावलं कुंकू. मग आंटीजींनीही कर्नलसाहेबांचं नाव घेतलं, आणि थोडं रडल्या, आणि मग नाचल्या.

तर मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. जागा असते, खालच्या मजल्यावर असते, आणि तिथे हीटर आहे. गुरलीन शेवटच्या बसने गेली तेव्हा खिडकीतून गाळणी हलवत होती. मी इतकी आनंदात आहे की काल ऑपरेशनच्या वेळी पेशंटने विचारलं, डॉक्टर, इतकं काय हसताय.

घरी सगळ्यांना नमस्कार, मांजरीला आशीर्वाद.

तुझीच,
यामिनी

ता. क. मुख्य काम राहिलंच. गजाननकाकांनी फोटो कुठे कुठे पाठवले देव जाणे, एक साताऱ्यात आईपर्यंत पोचला. तिचा फोन आला. गहिवरली होती. मुलीला अखेर वळण लागलं म्हणाली, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती स्वतः येणार आहे, आंब्याची डाळ करायला. माझ्या शेजारी उभी असलेली उंच मुलगी कोणाची, असं तिने विचारलं. मी पिंजौरची म्हटलं. मावशी, तू आईबरोबर ये.

आणखी एक. गाडीत तूच आईला सांगशील का? ती तुझं ऐकते. रागावली तरी प्रवास लांबचा आहे, मध्येच उतरणार कुठे?

पाकीट चिकटवता चिकटवता: वरचं खोड. आईला मीच सांगणार, गुरलीनला शेजारी घेऊन. तू फक्त ये. मावसोबा गेल्यापासून आपल्याकडे हळदीकुंकू असलं की तू आत वाट्या भरत बसतेस. इथे वाट्या भरायला पीटीच्या बाई आहेत. मी आईशी बोलत असेन तेव्हा तू बाहेर दिवाणखान्यात आमच्यातच बसायचंस, आईचा हात धरून. तुला कुंकू मी लावीन.