प्रांजलचा डावा हात

सांगली,
दि. २१ जानेवारी २०२५

ती. दाजींस,
वीरधवलचा नमस्कार.

ताईनं एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिलेले तिळाचे लाडू पोचले. निम्मे मैदानावर मुलींनीच फस्त केले, उरलेले मी लपवून ठेवलेत. थंडी इथंही आहे, पण मेढ्याइतकी नाही. प्रांजलची तब्येत उत्तम. अकरावीचा अभ्यास करते का, हे मात्र मला विचारू नका. घरात मी तिचा मामा आहे, मास्तर नाही.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, ह्या गड्याला काय झालं, फोन हाय की! आहे. पण फोन केला की तुम्ही स्पीकर लावता, आणि अख्खं घर, वर शेजारच्या बनुबाई, ऐकायला बसतात. शिवाय फौजेत असताना तुम्हीच म्हणायचात, अवघड गोष्ट कागदावर लिहावी, समोरच्याला मध्येच तोंड घालता येत नाही.

फ्लेक्सचा फोटो मिळाला. मेढ्याच्या चौकात प्रांजल चेंडू घेऊन उभी, खाली ‘राज्य बास्केटबॉल स्पर्धेसाठी सांगली जिल्हा संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, कोपऱ्यात सुभेदारसाहेब म्हणजे तुम्ही, टोपीसकट, आणि वर मी, ‘मार्गदर्शक’ म्हणून, तोही लग्नातला फेटा बांधलेला! दाजी, यादी लागायच्या आधीच तुम्ही फ्लेक्स लावलात. बाजारात तुरी म्हणतात ती हीच गत. पण तुम्हाला तरी काय बोलू? मामाच संघाचा कोच म्हटल्यावर यादीची वाट कोण बघतं?

संघात प्रांजल नाही.

यादी गेल्या सोमवारी गेली. तिनं तुम्हाला सांगितलेलं नाही, आणि मीही आजवर टाळलं. फोनवर ‘सगळं छान चाललंय’ म्हणाली ना, ते त्या फ्लेक्सच्या धाकानं. चौकात आपला एवढा मोठा फोटो लागल्यावर कुठलं पोर बापाला सांगेल, की आपल्याला घेतलं नाही?

तुमच्यासमोर मला ताठ मानेनं बोलता येत नाही, त्याला कारण आहे. मी साताऱ्याला कॉलेजात होतो तेव्हा आबा म्हणायचे, चेंडू आपटून कुणाचं पोट भरत नाही, ऊस कोण बघणार? सुट्टीवर आलेले तुम्ही मला गाडीवर बसवून सरावाला नेऊन सोडायचात, आणि सासऱ्याचा राग स्वतःवर घ्यायचात. विद्यापीठाच्या संघात आलो आणि गुडघा गेला. पोलीसभरतीतली खेळाडूंची जागा हातातोंडाशी आली होती, तीही गेली. मी अंथरूण धरलं. तुम्ही आलात, चादर ओढलीत आणि म्हणालात, “गुडघा ग्येला, डोळं तर ग्येलं न्हाईत न्हवं? कोण कसं खेळतंय ते दिसतंय का न्हाई तुला? मग उठ, पोरांस्नी शिकीव.” त्या डोळ्यांवर मी आज भाकरी खातोय. पोरगी मैदानात दोन फेऱ्या पळाली की तिच्यात काय आहे हे मला कळतं. म्हणूनच तुम्ही घरातल्यांशी भांडून प्रांजलला माझ्याकडं धाडलंत.

शेवटच्या जागेसाठी दोघी होत्या, प्रांजल आणि जतची सोनिया. सोनियाचे वडील धनाजी मेंढरं राखतात. निवडीच्या दिवशी ते मेंढरं भावाच्या हवाली करून आले आणि माझ्याशेजारी बसले. म्हणाले, “सर, आमी उगंच आलो म्हना की एवढ्या लांबनं. एक जागा तर तुमच्या घरचीच हाय.” त्यात राग नव्हता, हसत म्हणाले. आजूबाजूचे पालक हसले. मीही हसलो.

पण ते डोक्यात बसलं. आधीच सगळ्या मुली मैदानात उतरताना माझ्या पाया पडतात, आणि प्रांजल वाकली की मी तिला धरतो, कारण भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं. त्यामुळं ती कोण आहे हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक. संध्याकाळी यादी करायला बसलो आणि शेवटच्या जागेवर सोनियाचं नाव लिहिलं.

यादी मुलींना वाचून दाखवली. घरी जाताना प्रांजल गाडीवर मागं बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं विचारलं, “मामा, मी कुठं कमी पडले?”

मी म्हणालो, “तुझा डावा हात कच्चा आहे.”

इथवर लिहून पत्र आवरतं घेणार होतो. डावा हात कच्चा, पुढच्या वर्षी नक्की, ताईला समजवा, लोभ असावा. तुमचा विश्वास बसला असता. तिचाही बसला, आणि तिथंच माझी झोप उडाली.

कारण दुसऱ्या दिवसापासून ती उजाडायच्या आत मैदानात जाते. उजवा हात ओढणीनं कमरेला बांधते आणि नुसत्या डाव्या हातानं चेंडू टाकत राहते. धुक्यात तिच्या आधी चेंडूचाच आवाज येतो. काल तिचं डावं मनगट सुजलं होतं. मी बर्फ लावायला गेलो तर म्हणाली, “राहू दे मामा, चुकी माझ्या हाताची हाय, सोसंल त्यो.”

दाजी, तिच्या हाताची काही चूक नाही. माझ्या संघातल्या निम्म्या मुलींपेक्षा तिचा डावा हात चांगला आहे. सोनिया गुणी पोरगी आहे, तिचं नाव मी आता काढणार नाही, आणि तिला यातलं काही कळूही देणार नाही. पण त्या दिवशी दोघींत प्रांजल सरस होती. मला स्वच्छ दिसलं होतं. ती माझी भाची नसती तर मी डोळे झाकून तिला घेतलं असतं. मी लोकांच्या बोलण्याला भ्यालो. वर घरी येऊन, आपण किती निःपक्षपाती, म्हणून स्वतःवर खूशही झालो. त्याची फार लाज वाटते.

हे पत्र आज संध्याकाळीच पेटीत टाकतोय. एकदा ते निघालं की मला माघार घेता येणार नाही. उद्या सकाळी मैदानावर जाऊन तिच्या हाताची ओढणी सोडणार आणि तिला सगळं खरं सांगणार.

ती काय करेल, मला माहीत नाही. पिशवी भरून मेढ्याची पहिली गाडी पकडेल. पत्राच्या आधी तीच तुमच्या दारात उभी राहील कदाचित. आली तर माझी बाजू घेऊ नका. ‘मामानं तुझ्या भल्यासाठीच केलं’ असं तर ताईलाही म्हणू देऊ नका, ते खरं नाही. माझ्याशी बोलणं टाकलंत तरी मी समजेन. एवढंच करा, तिला खेळ सोडू देऊ नका, ती स्वतः सोडते म्हणाली तरी. साताऱ्यात माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, चांगल्या शिकवतात. ती म्हणाली तर मी तिला त्यांच्याकडं पोचवतो आणि मैदानाबाहेरूनच परत फिरतो.

ताईला तुम्हीच सांगा. मला तिच्याशी बोलायला अजून धीर होत नाही.

तुम्ही ज्याला अंथरुणातून उठवलंत, तोच
वीरधवल