बांबूची धाकटी खाट

वूछांग, वूहान
५ सप्टेंबर १९९०

ती. आईस,
यालानचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. बोट हानखौच्या धक्क्याला लागली, तिथे कॉलेजचा ट्रक लाल निशाण लावून उभाच होता. त्यात बसून पूल ओलांडून आम्ही नदीच्या या बाजूला, वूछांगला आलो. म्हणजे हानखौत माझे पाय टेकले ते ट्रकमध्ये चढण्यापुरते. तुला दिलेला शब्द मी मोडलेला नाही.

खोलीत आम्ही आठजणी आहोत. सप्टेंबर उजाडला तरी उकाडा असा, की मुली चटईवर ओलं फडकं फिरवून मग आडव्या होतात. पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. इथे सकाळचं कुणी घरी खात नाही. तिळाच्या वाटणात घोळलेल्या शेवया मगात घ्यायच्या आणि चालता चालता संपवायच्या, अशी रीत. मी आपली बाकावर बसून, आपल्या घरच्यासारखी सावकाश खात होते. शेवयावाल्या बाईने विचारलं, मुक्कामच करायचा विचार आहे का, म्हणजे ती अंथरूण मागवते. दुसऱ्या दिवशी मी चालत खाल्ल्या आणि अर्ध्या सदऱ्यावर सांडल्या.

इथली माणसं मोठ्याने बोलतात. बाजारात दोघी बायका भांडताहेत असं वाटून मी घाबरून थांबले, तर त्या एकमेकींना जेवण झालं का म्हणून विचारत होत्या! तू रागावलीस की आवाज चढवतेस तो कुठून आला, ते आता कळलं.

एक सांगायचं आहे. रविवारी मी पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीत बसले. उतरले मात्र नाही. घड्याळाचा मनोरा जवळ आला, माणसं सायकली खांद्यावर टाकून पळत उतरली, आणि मी कठड्याशीच उभी राहून त्याच बोटीने परत आले. तिकीटवाल्याने विचारलं, की विसरलीस ते तिकडे आहे की इकडे. 

आई, तू माझ्या पेटीत आपल्या चहाच्या दोन पुड्या ठेवल्या आहेस. एकीवर वसतिगृहाच्या बाईंचं नाव आहे. दुसरीवर कुणाचंच नाही. ती कुणासाठी, ते तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. आता विचारते. हानखौला आजोबांच्या गल्लीत जायचं नाही, एवढंच तू म्हणालीस. का ते कधी म्हणाली नाहीस.

बाबांना नमस्कार. उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
यालान

०

हफंग
११ सप्टेंबर १९९०

चि. यालान हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या बाबांनी मक्याच्या शेतातच उभ्याने वाचलं आणि मग मला दिलं. शेवयांचं वाचून ते एवढे हसले, की कणसं तोडणारे शेजारी गोळा झाले. तिळाचं वाटण नीट ढवळून घेत जा, तळाशी राहिलं की शेवया कोरड्या लागतात. आणि उकाड्यात गार पाणी डोक्यावरून घेऊ नकोस.

तू आता विचारलंस, तर सांगते. सरकारने शहरातल्या मुलामुलींना खेड्यात पाठवलं, तेव्हा मी अठरा वर्षांचीही नव्हते. या डोंगरात आले, शाळेत शिकवू लागले, तुझ्या बाबांशी लग्न केलं. तुझे आजोबा त्यावर काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं असणार, हे सगळं तात्पुरतं आहे. मग अकरा वर्षांपूर्वी परत जायची मुभा मिळाली. बापाने मुदतीआधी निवृत्ती घेतली, तर त्याच्या कंपनीत मुलाला नोकरी मिळे. तुझे आजोबा फेरीबोटीचं सुकाणू धरायचे. त्यांनी मला न विचारता सुकाणू सोडलं. मला तिकिटाच्या खिडकीवर जागा ठेवली आणि तसं पत्र पाठवलं.

पण लग्न झालेल्यांना परवानगी नव्हती. पुष्कळजणींनी त्या वेळी कागदावर सोडचिठ्ठी घेतली आणि गेल्या. काहींची ती पुढे खरीच झाली. तू तेव्हा सात वर्षांची. तुझ्या बाबांनी कागद आणून टेबलावर ठेवला आणि ते गोठ्यात जाऊन बसले. मी सही केली नाही. तसं मी आजोबांना कळवलं. जागा तशीच गेली. तुझा मामा आधीच गिरणीत लागलेला, त्याला ती नको होती. आजोबांची नदी फुकट गेली, यालान. त्यानंतर दर नववर्षाला मी पत्र टाकते. उत्तर येत नाही.

त्या दाराशी जाऊन तू परकी ठरू नयेस, म्हणून तुला अडवलं होतं. पण तू बोटीत बसलीस म्हणतेस, तर तुला आता किती दिवस अडवणार? एक कर. दार वाजवू नकोस. संध्याकाळी, ऊन उतरताना, मीठगल्लीत शिर. उन्हाळ्यात सगळी गल्ली बांबूच्या खाटा बाहेर काढते. आधी फरशीवर पाणी मारून जागा गार करायची, मग खाट टाकायची, आणि ती जागा कुणी घेत नाही. आमची जागा नळाच्या पुढे, कोळशाच्या दुकानाच्या भिंतीला लागून. तिथे खाट असली, की समज ते बरे आहेत. मला तेवढंच कळव.

लहानपणी आम्ही नदीकाठी खेळत असू. अंधारायला लागलं की ते गल्लीच्या तोंडाशी येत. घरी ये असं ते कधी म्हणत नसत. भात निवतोय, एवढंच ओरडत आणि पाठ फिरवून चालू लागत. सगळी मुलं मला त्यावरून चिडवत. ते मी तुला का सांगते आहे कोण जाणे. दिवसभर तेच आठवतंय.

दुसरी पुडी असू दे तुझ्याजवळ.

तुझी माया सांभाळून ठेवलेली,
आई

०

वूछांग
१७ सप्टेंबर १९९०

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ते बरे आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे तुला पुढचं शांतपणे वाचता येईल.

काल रविवार. बोटीतून या वेळी उतरले. गल्ली शोधताना दोनदा भलत्याच गल्लीत शिरले, कारण त्या भागात सगळ्या भिंती सारख्याच काळ्या आणि सगळ्या दारांतून सारखाच कढईचा चुरचुराट. मग नळ दिसला. एक उंच म्हातारे बादलीतून हाताने पाणी मारत होते. फरशीतून वाफ निघत होती. त्यांनी मोठी खाट टाकली, वापरून वापरून तांबूस झालेली. मग आत जाऊन दुसरी आणली, धाकटी. तिच्यासाठीही पाणी मारलं. मला वाटलं मामा येणार असेल.

आई, मग मी फार मोठी चूक केली. आपल्याकडे अंगणात बाक असला की वाटसरूने बसायचंच असतं. बसला नाही तर घरच्यांना वाईट वाटतं. माझे पाय दुखत होते, आणि मी जाऊन त्या धाकट्या खाटेवर बसले.

गल्लीतला पत्त्यांचा डाव थांबला. मग शेजारच्या हू काकूंनी तोंड सोडलं. मी कोणत्या डोंगरावरून गडगडत आले, असं त्यांनी विचारलं. (बरोबर ओळखलं.) यू आजोबांचा सख्खा मुलगा आला तरी फरशीवर बसतो, काकूंना स्वतःला गुडघेदुखी असून एवढ्या वर्षांत त्या खाटेला टेकू दिलेलं नाही, आणि ही महाराणी आली ती थेट सिंहासनावर! मी उठायला लागले, तर आजोबा त्यांना म्हणाले, की तुमची मुगाची पेज करपतेय, तिकडे बघा. काकू म्हणाल्या, की पेज कधी करपते का. तरी त्या गेल्या.

मला म्हणाले, बस.

मग विचारलं, जेवलीस का. गाव कोणतं. मी सांगितलं डोंगरातली आहे, वाट चुकले. ते म्हणाले, ही गल्ली पुढे बंद आहे, इथे वाट चुकून कुणी येत नाही.  त्यांनी ताडाच्या पंख्याने वारा घेतला. थोडा माझ्याकडेही आला. मग विचारलं, तिकडे डोंगरात बांबूच्या खाटा असतात का. मी विचार न करता बोलून गेले, की रात्री एवढी थंडी असते की कुणाला गरज नाही, पण माझ्या बाबांनी आईसाठी एक केली आहे, आणि उन्हाळ्यात आई रोज संध्याकाळी अंगणात पाणी मारून घटकाभर त्यावर पडते, आणि गावातले तिला हसतात.

ते उठून आत गेले. खूप वेळ आले नाहीत. आले ते मुगाच्या पेजेचा वाडगा घेऊन. साखर फार होती. मी दुसरी पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही, नुसती नाकाशी धरली.

परतताना धक्क्यापर्यंत बरोबर आले आणि मी काही म्हणायच्या आत बोटीतही चढले. तिकीटवाल्याने त्यांना सलाम केला. तो मला हळूच म्हणाला, की हे रोज एक फेरी मारतात, पावसातसुद्धा. ते सुकाणूच्या खोलीमागे उभे राहतात. बोट वळायच्या जरा आधी त्यांचा हात कठड्यावर वळतो. वूछांगला मी उतरले, ते उतरले नाहीत. बोट सुटताना वरून एवढंच म्हणाले, की मध्यशरदाचा सण झाला की दव पडायला लागतं, मग गल्लीतल्या खाटा माळ्यावर जातात.

त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माझं चुकलं का, आई? परत जाऊ का? आणि तू येतेस का? सणाला अजून अवकाश आहे.

तुझी (आणि थोडी त्यांचीही),
यालान

०

हफंग
२३ सप्टेंबर १९९०

चि. यालानस,
आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. पत्र वाचून मी चूल पेटवली आणि वर काहीच न ठेवता तशीच बसून राहिले. ती खाट त्यांनी मी दहा वर्षांची असताना केली होती. पायाकडची एक पट्टी मी बसून बसून मोडली होती. तीच असेल तर तिथे तारेने बांधलेलं असेल.

माझ्या येण्याचं मात्र मनात आणू नकोस. मका अर्धा उभा आहे, शाळा सुरू आहे. खरं सांगू? मका आणि शाळा दोन्ही तुझे बाबा बघतो म्हणतात. त्यांनी तर वाटेसाठी सातूच्या पिठाची पिशवीही भरून ठेवली आहे. पण आजोबांनी तुला नाव विचारलं नाही, माझं नाव काढलं नाही. दवाचं म्हणाले. दव तर सगळ्यांसाठीच पडतं. त्यातून मी काय समजायचं? तुझे बाबा म्हणतात, की एक हटवादी सासरा लांब आहे हे त्यांचं नशीब, कारण घरात एक हटवादी बाई आहेच.

मी दोन दिवस प्रवास करून जायचं आणि त्यांनी गल्लीदेखत पाठ फिरवायची, हे मला आता सोसणार नाही. एवढी वर्षं पत्रं मी लिहिली. एक शब्द त्यांनी लिहावा. एकच. त्याशिवाय मी येणार नाही.

तू जात जा. त्यांच्यासाठी कमळकाकडी घेऊन जा, मातीची बघून घे, धुतलेली नको. आणि माझं काही सांगू नकोस.

आई

०

वूछांग
३० सप्टेंबर १९९०

ती. आईस,
शि. सा. न.

घाईत लिहिते. तीन दिवस पाऊस झाला आणि एका रात्रीत हवा पालटली. वसतिगृहातल्या मुलींनी रजया काढल्या. मीठगल्लीतल्या सगळ्या खाटा गेल्या, सण यायच्या आधीच. दोनच राहिल्या आहेत.

आज गेले तर आजोबा कापसाचा जाड कोट घालून फरशीवर पाणी मारत होते. पोरं भोवती नाचत होती. हू काकू दारातून ओरडल्या, की यू दादा, बदकं पाळायचा बेत आहे का, तळं तेवढं तयार झालंय. मी विचारलं, एवढ्या गारठ्यात पाणी कशाला. म्हणाले, धूळ बसते.

खाटेच्या पायाकडे तार आहे, आई. एकदा नाही, तीनदा गुंडाळलेली, वरची अगदी नवी.

तुझं काही सांगू नकोस म्हणालीस, म्हणून सांगितलं नाही. पण त्यांनी कमळकाकडी बघितली, अंगठ्याने माती खरवडली आणि म्हणाले, की ही निवड कुणीतरी शिकवलेली दिसते. मग मला नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं.

सोबतचा कागद त्यांनी माझ्यासमोर लिहिला. फार वेळ लागला. पाकीट चिकटवायला मला दिलं आणि म्हणाले, वाचायचं असेल तर वाच, त्यात बोटींचंच आहे. मी वाचलेलं नाही.

तुझी,
यालान

०

मीठगल्ली, हानखौ
३० सप्टेंबर

चि. सूपिंग,
आशीर्वाद.

तुमच्याकडून इछांगमार्गे येणाऱ्या बोटीचा धक्का बदलला आहे. पूर्वीच्या ठिकाणी उतरवत नाहीत. घड्याळाच्या मनोऱ्याकडे तोंड करून उजवीकडे यायचं. फळकुटं निसरडी आहेत, कठड्याच्या बाजूने चालावं. सकाळची बोट धुक्यामुळे उशिरा लागते, म्हणून दुपारची बरी. धक्क्यावर मी रोज असतोच, दुसरं काम नाही.

चहा चांगला आहे. डोंगराच्या वरच्या अंगाचा असावा. मळा कोण राखतं ते कळलं. त्याला बांबूचं काम येतं असंही कळलं. इथली धाकटी खाट पायाकडून मोडते, तार टिकत नाही. त्याने येऊन बघावी. मोठी खाट दोघांना पुरेल. मला झोप कमी असते, मी धाकटीवर टेकेन.

मुलगी तुझ्यासारखी बसते, एक पाय दुमडून. मी पहिल्या दिवशीच ओळखलं. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं.

पाणी मारतो आहे. गल्ली हसते.

भात निवतोय.

तुझे बाबा